गच्चीवरचे विमान

विमानाचे कौतुक करताना माणसे त्याच्या पंखांचे कौतुक करतात. एखाद्या मुलाला विमान काढावयास सांगा. तो प्रथम दोन लांबलचक पंख काढील, मग शेपूट काढील, आणि उरलेल्या जागेत कशीबशी एक नळकांडी बसवील. त्या बिचाऱ्या नळकांडीला विमानाचे धड म्हणतात. पंख विमानाला उचलतात, इंजिन त्याला पुढे नेते, शेपूट त्याचा तोल सांभाळते. पण या सर्वांना एकत्र धरून ठेवण्याचे आणि माणसांना पोटात सुखरूप बाळगण्याचे काम धडाचे असते. घरातील कर्ता माणूस सर्वांचे ओझे वाहतो आणि कौतुकाच्या वेळी मात्र मागे उभा राहतो, तसेच हे आहे.

आमचे सिरसाळा हे गाव बीड जिल्ह्यातील परळी तालुक्यात आहे. येथल्या आकाशातून विमाने जातात. उतरत मात्र नाहीत. आमच्या मातीत तयार होणारे वाहन म्हणजे बैलगाडी. त्यामुळे घराच्या गच्चीवर विमान बांधता येते, असे मी सांगतो, तेव्हा इथल्या मुलांना ती भाकडकथा वाटते. ती भाकडकथा नाही, हे मी पुढे सांगणारच आहे. पण त्याआधी आपल्या बैलगाडीकडेच वळू. कारण विमानाच्या धडाचा पहिला धडा मला तिच्या चाकात सापडतो.

माझ्या लहानपणी लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवण्याचे काम गावोगावी चालत असे. धाव म्हणजे चाकाच्या घेरावर बसणारे लोखंडी कडे. ते कडे चाकाहून किंचित लहान ठेवावयाचे, विस्तवात लालबुंद करावयाचे, तापून फुगले की चाकावर चढवून ठोकावयाचे आणि लगेच पाणी ओतावयाचे. निवताना लोखंड आकसते आणि तुंबा, आरे व घेर यांना घट्ट आवळून धरते. कडे थोडे मोठे झाले, तर चाक खिळखिळे होते. फारच लहान झाले, तर चढत नाही. ‘किंचित लहान’ म्हणजे नेमके किती, एवढ्यातच त्या कारागिराची सारी विद्या होती. मोठी कामे मापाच्या लहानशा फरकावर उभी असतात.

आता विमानाच्या धडाकडे पाहू. वहीचा एक कोरा कागद घ्या आणि तो टेबलावर उभा करण्याचा प्रयत्न करा. तो लगेच कोलमडेल. त्याच कागदाची गुंडाळी करून कडा दोऱ्याने बांधा, ती उभी ठेवा आणि तिच्यावर अलगद एक पुस्तक ठेवा. कागद तोच, पण आता तो पुस्तक पेलतो! पातळ वस्तूला योग्य आकार दिला की तिच्यात बळ येते. विमानाचे धड याच तत्त्वावर बांधतात. लहान विमानांच्या धडासाठी पुष्कळदा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा वापरतात. हा धातू लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचा असतो. आत ठरावीक अंतरावर आडवी कडी बसवतात, नाकापासून शेपटीपर्यंत लांब पट्ट्या जोडतात आणि या सांगाड्यावर पत्र्याची कातडी चढवतात. मग कडी, पट्ट्या आणि पत्रा मिळून भार वाहतात. कोणी एकटा बलवान नसतो. बळ जोडणीत असते.

ही जोडणी रिव्हेटने करतात. रिव्हेट म्हणजे डोके असलेली धातूची बुटकी खिळी. दोन पत्र्यांची भोके अगदी एकावर एक आणावयाची, त्यांच्या खरखरीत कडा घासून साफ करावयाच्या, रिव्हेट घालावयाची आणि तिचे दुसरे टोक ठोकून चपटे करावयाचे. यासाठी बहुधा दोन माणसे लागतात. एक बाहेरून हातोडा चालवतो. दुसरा आत वाकून लोखंडी ठोकळा धरून बसतो. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही. पण एकाचा हात चळला, तर दोघांचे काम बिघडते. ठोका कमी पडला, तर जोड सैल राहतो. जास्त पडला, तर पत्रा फुगतो. बिघडलेली रिव्हेट भोकाला इजा न होऊ देता काढावी लागते. दोन माणसे बसतील एवढ्या धातूच्या विमानातही अशा रिव्हेट दहा हजारांहून अधिक असू शकतात. या पत्र्यावर साध्या पेन्सिलीने खुणा करणेही टाळतात. कारण पेन्सिलीतील शिशामुळे ॲल्युमिनियम कुरतडले जाऊ शकते. चरा तर पडूच देत नाहीत. आजचा चरा ही उद्याची भेग असते.

ही काळजी अवाजवी आहे काय? १९५४ साली ब्रिटनमध्ये बांधलेली ‘कॉमेट’ जातीची दोन प्रवासी विमाने तीन महिन्यांच्या अंतराने आकाशातच फुटली आणि भूमध्य समुद्रात कोसळली. दोन्हींतील सर्व माणसे दगावली. शोध घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी त्याच जातीच्या एका विमानाचे धड पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवले आणि आतला दाब पुनःपुन्हा वाढवला व कमी केला. शेवटी ते धड फाटले. पत्र्यात खिडक्यांसारख्या जागा कापल्या होत्या, त्यांच्या कोपऱ्यांजवळ ताण साठत होता आणि तेथून भेग पसरत होती. त्यानंतर विमानांच्या खिडक्यांचे कोपरे आणि धातूचा थकवा यांकडे जग अधिक सावधपणे पाहू लागले. तारेची चिपाटी पुनःपुन्हा वाकवली म्हणजे ती मोडते, हे आपण जाणतो. धातूचा थकवा म्हणतात तो हाच.

असे हे काम एका मराठी माणसाने मुंबईत स्वतःच्या घराच्या गच्चीवर केले. त्यांचे नाव कॅप्टन अमोल यादव. ते व्यवसायाने वैमानिक. विमान चालवण्याचे शिक्षण त्यांनी अमेरिकेत घेतले. विमान बांधण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न १९९८ च्या सुमारास झाला, तो फसला. त्यांनी दुसरे विमान बांधले. त्यालाही उड्डाणाची परवानगी मिळू शकली नाही. पुढे कांदिवलीजवळच्या चारकोप भागात, पाच मजली घराच्या गच्चीवर, त्यांनी सहा आसनांचे तिसरे विमान बांधावयास घेतले. त्या घराला उद्वाहक नव्हता. यंत्रे, हत्यारे आणि १८० किलो वजनाचे इंजिन अरुंद जिन्याने वर चढवावे लागले. मुंबईचा पावसाळा तुम्हांला ठाऊक आहे. त्या पावसात आणि त्या उन्हात, नोकरी सांभाळून, वर्षानुवर्षे हे काम चालले. एकत्र कुटुंबाने त्यांना साथ दिली.

२०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईत ‘मेक इन इंडिया’ हे औद्योगिक प्रदर्शन भरले. त्यासाठी विमानाचे भाग सुटे करून गच्चीवरून क्रेनने खाली उतरवले आणि प्रदर्शनाच्या जागी पुन्हा जोडले. लोकांची रीघ लागली. परंतु विमान पाहण्याजोगे असणे वेगळे आणि उडण्याजोगे असणे वेगळे. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. व्हीटी-एनएमडी ही अक्षरे त्याला मिळाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये चाचणीसाठी उड्डाण करण्याची अनुमती मिळाली, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते विमान आकाशात झेपावले. पहिल्या प्रयत्नापासून मोजले तर मध्ये बावीस वर्षे गेली.

अनुमतीला एवढा उशीर का, असे तुम्ही विचाराल. येथे दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. बैलगाडीचे चाक मोडले तर गाडी रस्त्यात बसते. विमानाचा जोड सुटला तर ते आतल्या माणसांवर आणि खाली शेतात राबणाऱ्यांवरही कोसळते. म्हणून सरकारने कसून परीक्षा घ्यावी, हेच योग्य. परंतु परीक्षा घ्यावयाची तर अभ्यासक्रम आधी सांगितला पाहिजे आणि परीक्षेचा दिवसही नेमला पाहिजे. घरी बांधलेल्या विमानासाठी वाटच स्पष्ट नसेल, तर कारागीर दाराशी ताटकळत राहतो. अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना १९५३ सालीच निघाली. तेथे विमानाच्या सुट्या भागांचे संच विकत मिळतात. हौशी माणसे ते आपल्या घरच्या मोटारखान्यात जोडतात. मात्र बांधणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः शिकण्यासाठी वा छंद म्हणून केलेले असावे, असा तेथील नियम आहे, आणि विमान तपासून घेतल्यावाचून उडवता येत नाही. मोकळीक आणि तपासणी ही दोन्ही चाके सारखी असली, म्हणजे गाडी चालते.

निवृत्तीनंतरही शेजारची मुले माझ्याकडे येऊन बसतात. ही हकीगत ऐकून त्यांतील एका मुलीने मला विचारले, “सर, तीन विमाने बांधली आणि उडाले एकच. मग पहिल्या दोघांचा काय उपयोग?” तिचे वडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, मेहनत वाया जाणे म्हणजे काय, हे तिला पुस्तकातून शिकावे लागत नाही. म्हणून ‘प्रयत्नांती परमेश्वर’ एवढे म्हणून तिची बोळवण करणे मला बरे वाटले नाही.

मी तिला राइट बंधूंविषयी सांगितले. ते सायकलींचे दुकान चालवणारे दोघे भाऊ होते. त्यांचे १९०१ सालचे इंजिनाविना तरंगणारे यान अपेक्षेप्रमाणे चालले नाही. तेव्हा दैवाला बोल न लावता त्यांनी वारा खेळवण्याची एक लांबट पेटी बनवली, तीत पंखांचे नाना आकार तपासले आणि इतरांच्या कोष्टकांवर विसंबण्याऐवजी स्वतः मापे घेतली. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान पहिल्या झेपेत १२ सेकंद हवेत राहिले आणि १२० फूट गेले. ते बारा सेकंद त्या फसलेल्या यानातूनच आले होते. ज्या अपयशाचे माप घेतले जाते, ते पुढच्या कामात रिव्हेटसारखे बसते. ज्याचे नुसतेच दुःख केले जाते, ते वाया जाते.

यावर ती मुलगी म्हणाली, “आणि तिसरेही उडाले नसते तर?” या प्रश्नाचे उत्तर गोड करून सांगता येत नाही. तसे घडू शकते. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या प्रत्येकाला आकाश मिळतेच असे नाही. अशा माणसांची नावे आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, इतकेच. मी तिला एवढेच म्हणालो, “यश आपल्या हाती पूर्णपणे नसते; जोड मात्र असतो. तो खरा बसवावा.”

एकदा पत्र्याची कातडी चढली की विमानाच्या धडाचे आतले जोड प्रवाशांना दिसत नाहीत. हजारो रिव्हेटपैकी एखादी सैल राहिली, तर जमिनीवर कोणाला कळणारही नाही. परंतु वाऱ्याला वशिला चालत नाही. तो प्रत्येक जोडाला स्वतंत्रपणे प्रश्न विचारतो. तुम्हीही पुढे कोणी घरे बांधाल, कोणी यंत्रे दुरुस्त कराल, कोणी हिशेब लिहाल. त्या प्रत्येक कामात झाकला जाणारा एक भाग असेल. तो भाग बंद करण्यापूर्वी एकदा बोटाने चाचपून पाहा. जोड हलत असेल, तर आळस न करता तो काढा आणि पुन्हा ठोका.