सावकाशीचा उपचार

माहुलच्या पुनर्वसन वसाहतीतील सहाव्या मजल्यावरच्या त्या घरात दिवसाची सुरुवात मुलाच्या पायांपासून होते. चहाचे आधण ठेवण्यापूर्वी आई सतरंजीवर बसते, एका हाताने सात वर्षांच्या लेकाचा गुडघा स्थिर धरते, दुसऱ्या हाताने टाच धरून पाऊल हळूहळू वर वळवते आणि मनातल्या मनात अंक मोजत राहते. खिडकीबाहेर तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. तानसा जलवाहिनीलगतची वस्ती हटवल्यावर २०१७ पासून ज्या कुटुंबांना या ७२ इमारतींत घरे मिळाली, त्यांपैकीच हे एक.

मुलगा आठव्या महिन्यात जन्मला, रडलाही उशिरा. वर्षाचा झाला तरी बसेना, उभा धरला की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत. ‘मुलगे उशिराच चालतात’ असे आजीने सांगितले, आणि मालिश, नवस, काढे यांत दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांचा हिशेब तिच्या मनात अजून मिटलेला नाही. पालिकेच्या रुग्णालयात ‘सेरेब्रल पाल्सी’ हे शब्द प्रथम ऐकले, तेव्हा तिनेच पदर डोळ्यांना लावला.

दोष पायांत नव्हताच. वाढत्या मेंदूला जन्माच्या आगेमागे इजा झाली, की स्नायूंना आवर घालणारे त्याचे संदेश दुबळे पडतात आणि स्नायू ताठ होतात. मेंदूतील इजा पुढे वाढत नाही. परंतु हाडे वाढतात आणि आखडलेले स्नायू त्यांच्या बरोबरीने लांबत नाहीत, म्हणून वय वाढेल तशी अडचण वाढते. या ताठरपणाचा स्वभावही चमत्कारिक आहे. वडिलांनी एकदा उत्साहाच्या भरात पाय झटक्याने सरळ केला. मूल किंचाळले आणि पाय अधिकच घट्ट झाला. फिजिओथेरपीच्या ताई म्हणाल्या, “दादा, जितकी घाई कराल तितका तो स्नायू विरोध करील. सावकाश ताणा, तो ऐकतो.” घाई हाच ज्या शहराचा धर्म, तेथे हे पथ्य पाळणे सोपे नाही.

शेजारच्या इमारतीत अशीच एक मुलगी आहे. मात्र तिचे हात ताठ नसून सतत वळवळतात. जन्मानंतरच्या तीव्र काविळीने तिच्या मेंदूच्या खोल भागाला इजा झाली होती. आजीने मायेपोटी नातवाच्या बॅक्लोफेनच्या गोळ्या तिला देऊ केल्या. ताईंनी वेळीच अडवले: नाव एक असले तरी विकार वेगळा आणि औषधही वेगळे. शिवाय बॅक्लोफेन डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.

सहाव्या वर्षी पोटऱ्यांत बोटुलिनमचे इंजेक्शन दिले. आता मुलगा चालेल, अशी साऱ्यांची समजूत झाली. वस्तुतः ते इंजेक्शन स्नायू तीन-चार महिने सैल करते, एवढेच. त्या मुदतीत ताण देणे, स्प्लिंट बांधणे, उभे राहण्याचा सराव करणे हे सर्व साधायचे असते. नेमक्या त्याच पावसाळ्यात इमारतीची लिफ्ट बंद पडली. अठरा किलोचे मूल कडेवर घेऊन सहा मजले उतरायचे, बस गाठायची, पुन्हा सहा मजले चढायचे. आठवड्याच्या तीन फेऱ्यांची एक झाली, मग तीही चुकली. मुदत सरली आणि टाचा पुन्हा उचलल्या गेल्या. आईने कोणालाच बोल लावला नाही. पण दोन दिवस ती कोणाशी बोललीही नाही.

याच मुंबईत १९७२ साली डॉ. मिथू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, तीही आपल्या लेकीच्या निमित्ताने. जन्मतः सेरेब्रल पाल्सी झालेल्या त्या लेकीने, मालिनी चिब यांनी, सेंट झेवियर्समधून पदवी घेतली, लंडनमध्ये दोनदा पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. ताईंनी ही हकीकत सांगितली, तेव्हा आईने एकच विचारले, “त्या चालतात का?” नाही, व्हीलचेअर वापरतात, असे उत्तर मिळाले. आई बराच वेळ गप्प राहिली.

त्यानंतर तिने उपचारच घरी आणले. ताईंनी मोबाइलवर व्यायाम चित्रित करून दिले. ओळखीच्या सुताराने प्लायवूडची कोपऱ्यात मावणारी खुर्ची करून दिली. तीत बसले की पाठीला आधार मिळतो आणि हात मोकळे होतात. अपंगत्वाचा दाखला मिळताच नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ विमा योजना घेतली. वर्षाला एक लाखापर्यंतच्या त्या संरक्षणात फिजिओथेरपीही बसते. हे अनेक सुशिक्षित घरांनाही ठाऊक नसते.

आता चिंता खुब्याची आहे. न चालणाऱ्या मुलांत मांडीचे हाड खुब्याच्या खोबणीतून हळूहळू सरकू लागते आणि सुरुवातीला दुखतही नाही; त्यासाठी ठरावीक अंतराने एक्स-रे काढावा लागतो. पुढची तारीख सोमवारची आहे. लिफ्ट सध्या चालू आहे. खुर्चीत बसलेला मुलगा पाटीवर उजव्या हाताने ‘ग’ काढतो. काना दूर जातो, तो पुसतो आणि पुन्हा काढतो. आजी शेजारी बसून त्याच्या स्प्लिंटचे पट्टे सैल करते, हळूच.