विमानाचे दहा तास आणि बांधावरचे सहा



मागच्या उन्हाळ्यात आपला एक्स्पोर्ट भेंडीचा लॉट लंडनला रिजेक्ट झाला. १८० किलो माल. शेंगा काळवंडल्या, देठ सुकले, असा फोटो आला. पैसे शून्य. फवारणीच्या नोंदी, रेसिड्यू रिपोर्ट, व्हेजनेट नोंदणी सगळं ठीक होतं. मग चुकलं कुठं?

मी आधी विमानाला दोष दिला. मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर ७,२०० किलोमीटरच्या आसपास. ताशी पावणेनऊशेच्या वेगानं सव्वाआठ तास व्हायला पाहिजेत. पण वाट वाकडी, वर पश्चिमेकडून येणारा वारा तोंडावर, म्हणून जायला नऊ-दहा तास धरावे लागतात. येताना तोच वारा पाठीशी, म्हणून लवकर येतं.

त्यात घड्याळ फसवतं. रात्री २ ला निघालेलं विमान तिथं सकाळी साडेसातला उतरतं. वाटतं साडेपाचच तास लागले. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागं असतं, एवढंच. भेंडीच्या अंगात दहा तास पुरे होतात.

मग वहीत अख्खा प्रवास मांडला. सोमवारी सकाळी १० ला तोडा संपला. टेम्पो आला दुपारी ४ ला. रात्री पॅकहाऊस, ग्रेडिंग. मंगळवारी तपासणी, फायटोचा कागद, संध्याकाळी विमानतळ. बुधवारी पहाटे २ ला उड्डाण. तोडा ते उड्डाण चाळीस तास, त्यावर विमानाचे दहा. यातले माझ्या हातात होते फक्त पहिले सहा, आणि तेच मी बांधावर उन्हात ढीग घालून घालवले.

भेंडी तोडल्यावरही श्वास घेते, आणि तिचा वेग इतर भाज्यांपेक्षा जास्त. तापमान १० अंशांनी वाढलं की तो दुप्पट ते तिप्पट होतो. भेंडीला लागतं ८ ते १० अंश, माझ्या ढिगात ३५ होतं. म्हणजे पाचपट तरी. सहा तास उन्हात म्हणजे थंडीतले तीस तास. माझी भेंडी बांधावर बसूनच तीनदा लंडनला जाऊन आली होती!

आता तोडा सहाला सुरू, साडेआठला बंद. कॅरेट लगेच झाडाखाली, वर ओलं गोणपाट, पण शेंगेला पाणी लागू द्यायचं नाही. टेम्पो नऊला हजर. पॅकहाऊसलाही सांगितलंय, ७ अंशांच्या खाली नेऊ नका, शेंगेवर खड्डे पडतात.

बायांना सहाला बोलवणं मात्र सोपं नव्हतं. एक मावशी म्हणाली, "इमान धा तासात जातंय, मग आमचीच घाई का? घरी चूल कोण पेटवणार?" तिचं खरं होतं. मी वही दाखवली, आणि मजुरीत पन्नास रुपये वाढवले. एका रिजेक्ट लॉटपुढं ते काहीच नाहीत. मावशी आता सगळ्यांच्या आधी येते, पण चहा मात्र रानातच लागतो.

उद्या पहिला तोडा जातोय. निकाल येईल तसा लिहीन, बरा असो वा वाईट.

तोवर एक करा. तुमच्या मालाचे तोडणी ते गाडी तास मोजा. विमानाचे नंतर मोजू.