डॅशबोर्डवरचे पाच लाइट

मेहकरला घरी आलो की पहिला दिवस मी झोपून काढतो आणि दुसऱ्या दिवसापासून काहीतरी दुरुस्त करायला घेतो. वायफायचा राउटर, आईच्या फोनमधलं भरलेलं स्टोरेज, गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक. पुण्यात मी दिवसभर जे सॉफ्टवेअर लिहितो ते आईबाबांना दाखवता येत नाही, म्हणून इंजिनिअर असल्याचा पुरावा असा द्यावा लागतो. गेल्या मे महिन्यात त्यासाठी गाडी मिळाली.

गाडी बाबांची. शाळेतून रिटायर झाल्यावर घेतलेली, माइल्ड हायब्रिड. हायब्रिड हा शब्द आमच्याकडे ज्वारीमुळे आधीच माहीत, त्यामुळे सुरुवातीला शेजाऱ्यांनी बाबांची भरपूर थट्टा केली. ही गाडी विजेवर चालत नाही. ब्रेक मारताना वाया जाणारी थोडी ताकद ती विजेच्या रूपात साठवते आणि उचल घेताना इंजिनला हातभार लावते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, क्लच दाबला की सुरू होतं. त्यासाठी तिच्यात दोन बॅटऱ्या असतात, एक छोटी लिथियम-आयनची आणि एक बॉनेटखाली नेहमीसारखी लेड-ॲसिडची. दोन्ही १२ व्होल्टच्या. मेलेली होती ती बॉनेटखालची. पाच उन्हाळे काढले होते तिने, आणि लेड-ॲसिड बॅटरीला थंडीपेक्षा ऊन जास्त खातं. बाबांनी चावी फिरवली की नुसतं टक टक टक.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण हे वाचून कुणीतरी पाना घेऊन बसेल. प्रियससारख्या पूर्ण हायब्रिड गाडीत मागच्या बाजूला जो मोठा पॅक असतो तो वेगळा प्राणी आहे. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये तो २०१.६ व्होल्टचा होता. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या की हात मागे घ्यायचा. अमेरिकेत लोक तेही घरी उघडतात, एकेक खराब मॉड्यूल बदलतात, व्हिडिओ टाकतात. मी ते व्हिडिओ रात्री जेवताना बघतो. पण मी बदलली ती साधी १२ व्होल्टची. दहा नंबरचा पाना आणि वीस मिनिटं.

गावातल्या दुकानातून स्टार्ट-स्टॉप गाड्यांना चालणारी, थोडी महागच बॅटरी आणली. आधी निगेटिव्ह काढली, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट. सगळं पुस्तकाप्रमाणे. निगेटिव्हच्या क्लॅम्पवरच एक छोटा सेन्सर असतो, बॅटरीत किती करंट गेला आणि किती आला ते मोजणारा. तो नाजूक आहे असं वाचलं होतं, म्हणून तिथला नट मी फार आवळला नाही.

चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू. आईने दारातून हात जोडले, बालाजीच्या मंदिराच्या दिशेने, माझ्या नाही. आणि मग बाबा म्हणाले, ‘‘हे एवढे लाइट काऊन लागले रे?’’

पाच होते. पॉवर स्टीअरिंग, घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा घसरत्या गाडीचा लाइट, इंजिन, बॅटरी, आणि स्टार्ट-स्टॉप बंद असल्याची खूण.

बॅटरी काढल्यावर असे लाइट लागणं यात काही विशेष नाही. गाडीत डझनावारी छोटे कॉम्प्युटर असतात आणि ते एका वायरजोडीवर एकमेकांशी बोलतात. कॅन बस म्हणतात तिला, बॉशने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेली पद्धत. वीज गेली की यांच्यातले काही जण विसरतात. स्टीअरिंगचा कोन मोजणाऱ्या सेन्सरला ‘सरळ’ म्हणजे कुठे हे आठवत नाही, काचांना आपण कुठवर वर जायचं हे आठवत नाही. बॅटरी मोजणाऱ्याला तर नव्या बॅटरीची ओळखच नसते, म्हणून तो काही दिवस इंजिन बंद करू देत नाही. हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच मी चुकलो.

माझ्याकडे ओबीडीचं एक स्वस्तातलं डोंगल आहे. स्टीअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात ते खोचायचं आणि फोनवर कोड वाचायचे. पी०५६२ आला, म्हणजे सिस्टिमचं व्होल्टेज कमी. बाकी ‘अमक्याशी संपर्क तुटला’ छापाचे यू कोड. बॅटरी काढली होती, मग व्होल्टेज कमी होणारच. जुनी नोंद असणार. ॲपमध्ये खाली लाल बटण होतं, सगळे कोड पुसा. पुसले. पाचही लाइट गेले.

‘‘झालं,’’ मी म्हणालो.

कोड पुसताना त्यांच्यासोबतची नोंदही पुसली जाते. बिघाड झाला त्या क्षणी वेग किती, इंजिनचे फेरे किती, पाणी किती तापलेलं, हे गाडी काही कोडांसोबत जपून ठेवते. ऑफिसात कुणी सर्व्हर बंद पडल्यावर लॉग न वाचता उडवले असते तर मी मीटिंगमध्ये त्याची सालटी काढली असती. खरं तर तेही नाही. आमच्या टीममध्ये रात्री दोनला वाजणारा एक अलर्ट मीच म्यूट केलेला आहे. अजून म्यूटच आहे.

दोन दिवसांनी आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी छत्रपती संभाजीनगरला न्यायचं होतं. समृद्धीने जायचं तर आईची तयारी नव्हती. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली, त्या सकाळपासून तिने त्या रस्त्याचं नाव टाकलंय. चिखली, जालना असं जुन्या रस्त्याने चला म्हणत होती. मी म्हणालो, आई, गाडी मी स्वतः तपासली आहे. ती बसली. मागच्या सीटवर, मांडीवर फाइल आणि डब्याची पिशवी घेऊन.

मेहकरच्या इंटरचेंजवरून वर चढलो. समृद्धी सिमेंटचा आहे, पुलांच्या सांध्यांवर गाडीला बारीक ठोके बसतात. अशाच एका ठोक्याला पॉवर स्टीअरिंगचा लाइट लागला. विझला. पुढच्या सांध्याला परत लागला आणि सोबत घसरत्या गाडीचा. मी शंभरवर होतो. बाबा शेजारी. त्यांनी डॅशबोर्डकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मागे आईकडे. मी हळूच म्हणालो, ‘‘काही नाही, ते राहतं तसं.’’

हे मी का म्हणालो यावर नंतर बराच विचार केला. मला माहीत नव्हतं काय झालंय. ‘माहीत नाही’ म्हणायला त्या गाडीत जागा नव्हती, असं मला वाटलं. बाबांनी काही न बोलता रेडिओ लावला. आईला तो लागतो, म्हणजे तिचं लक्ष तिकडे गेलं.

पिंपळखुट्याच्या आसपास आई नेहमीप्रमाणे डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मी ऐंशीवर आणली. सिंदखेडराजाला खाली उतरणाऱ्या गोल वळणावर स्टीअरिंग अचानक जड झालं. नुसतं जड नाही, दोन्ही हातांनी ओढावं लागलं. वेग चाळीस होता म्हणून निभावलं.

जिजाऊंच्या राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक ऑटो इलेक्ट्रिशियन सापडला. मी डोंगल काढून कोड सांगायला लागलो. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, बॉनेट उघडलं, निगेटिव्हचा क्लॅम्प दोन बोटांत धरला आणि फिरवला. तो फिरला.

‘‘भाऊ, हे तं हातानं फिरून रायलं. कोनं बसवली?’’

‘‘मीच.’’

त्यावर ते काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार. क्लॅम्प काढून खांबावर पूर्ण खाली दाबला, कारण मी तो वरच्या वरच अडकवला होता, आणि नट आवळला. ठोका बसला की जोड ढिला पडायचा, व्होल्टेज हलायचं. पॉवर स्टीअरिंगची मोटर भरपूर करंट मागते, त्यामुळे पहिली तक्रार तिची. पी०५६२ जुनी नोंद नव्हती. गाडी मला नेमकं तेच सांगत होती.

मग इंजिन सुरू ठेवून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला लावलं, परत मधोमध आणलं आणि समोरच्या गल्लीत सरळ चालवून आणायला सांगितलं. वळून येईपर्यंत दोन्ही लाइट गेले होते. या वेळी मी काही पुसलं नव्हतं. मिस्त्रींनी पन्नास रुपये सांगितले.

आई टपरीच्या बाकावर चहा घेत होती. तिने विचारलं, काय झालं होतं? मी सांगितलं, माझ्याकडून नट ढिला राहिला होता. ती म्हणाली, ‘‘मग आधी काऊन नाही सांगितलं? आपण हळू आलो असतो.’’ एवढंच. पुढे जालन्यापर्यंत ती मावशीशी फोनवर बोलत होती.

ऑपरेशन नीट झालं. रात्री लॉजवर बाबांनी लाइट बंद केल्यावर अंधारात विचारलं, ‘‘त्या दिवशी तू बिघाड काढला होता का लाइट?’’

‘‘लाइट,’’ मी म्हणालो.

‘‘हं,’’ म्हणाले आणि कूस बदलली. ३४ वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाचा ‘हं’ फार लांब असतो.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, सगळे लाइट क्षणभर एकदम लागतात, ते तपासण्यासाठी. लागला आणि विझला तो ठीक. लागून राहिला तो सांगतोय. आणि जो लागलाच नाही त्याचीही काळजी करायची, कारण त्याला सांगता येत नाहीये. लाल दिसला की गाडी बाजूला घ्यायची, पिवळा दिसला की लवकर बघायचं. हे मी परत आल्यावर आईला गाडीत बसवून दाखवलं. तिची आता नवी नजर, एकेक चिन्ह जवळून बघत होती. घसरत्या गाडीच्या चिन्हाला ती ‘दारू पिलेली गाडी’ म्हणते.

तेव्हापासून बाबा गाडी काढणार असले की मला पुण्यात डॅशबोर्डचा फोटो येतो, आईकडून. मीटिंगमध्ये असलो तरी मी उघडून बघतो. आज सकाळच्या फोटोत एक लाल लाइट लागलेला होता. मी घाबरून फोन केला. सीट बेल्टचा होता. बाबांनी लावला नव्हता.