संशय आणि निकाल

प्रिय दादा,

फोन आपटलास, म्हणून लिहितेय. डोपिंग चाचणीत नमुना ‘संशयास्पद’ आला एवढ्यावर त्या पोराला तालीम बंद केलीस? आखाड्यात तुझा शब्द शेवटचा, मान्य. पण केमिस्ट्री मी शिकवते ना?

टेस्टोस्टेरॉन सापडलं, यात काय आलं? ते तुझ्या अंगात आहे, माझ्याही. म्हणून लघवीत ते त्याच्याच जुळ्या भावाशी, एपिटेस्टोस्टेरॉनशी, ताडून बघतात. बहुतेकांचं एकास एकच्या आसपास. पूर्वी सहाच्या वर गेलं की संशय, 2005 पासून चारच्या. काहींचं जन्मतःच जास्त असतं. दारूनं आकडा चढतो, नमुना उन्हात राहिला तर जंतू घोळ घालतात. आणि उलटंही ऐक. एक जनुक ज्यांच्यात नसतं, त्यांच्या लघवीत टेस्टोस्टेरॉन फार कमी उतरतं. कोरियात असे सुमारे दोन तृतीयांश लोक! स्वीडनमध्ये अशांना 500 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं, तरी 40 टक्के जण चारपर्यंत पोचलेच नाहीत. तुझ्या ‘स्वच्छ’ पोरांबद्दल तरी तू छातीठोक सांगशील?

बाहेरून घेतलं का, हे पक्कं होतं ते कार्बनवरून. औषध बनतं सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून, त्यात कार्बन-13 किंचित कमी. ज्वारीची भाकरी आणि गूळ खाऊन वाढलेल्या अंगात तो जास्त. फरक इतका बारीक की मोजणाऱ्याचा हात पक्का हवा. 2019 मध्ये दिल्लीच्या प्रयोगशाळेची मान्यता स्थगित झाली, तेव्हा याच चाचणीतल्या त्रुटीही निघाल्या होत्या.

फ्लॉइड लँडिस आठवतो? 2006 ची टूर द फ्रान्स. आदल्या दिवशी कोलमडलेला गडी दुसऱ्या दिवशी एकटा डोंगर चढत सुटला, आणि तू टीव्हीसमोर शड्डू ठोकलास! मग प्रमाण निघालं अकरा. त्याच्यावरही शिक्का बसला तो कार्बन तपासल्यावरच. 2010 मध्ये त्यानं डोपिंग कबूल केलं, पण त्या शर्यतीत टेस्टोस्टेरॉन घेतल्याचं नाकारलंच. तुझा राग अजून त्याच्यावरच आहे, आणि निघतोय या पोरावर.

2014 पासून खेळाडूचे आकडे त्याच्याच जुन्या आकड्यांशी ताडतात. तू त्याला बारा वर्षांचा असल्यापासून बघतोयस, तुझ्याकडची नोंद कुठल्या यंत्रात आहे? घेतलं असेल तर हाकल, मी आड येणार नाही. तोवर माती तरी अंगाला लागू दे त्याच्या.

रविवारी येतेय. वहिनीला सांग, आणि त्यालाही जेवायला बोलाव.

तुझी,
ताई नव्हे, धाकटीच