चामड्याचा चेंडू

नागपुरांतील हिस्लॉप कॉलेजाचें नांव निघालें कीं आमच्या घरीं दोन गोष्टी हटकून निघत: बायबलचा तास आणि फुटबॉल. पहिल्या गोष्टीवर पुष्कळांनीं लिहिलें आहे; दुसरीवर फारसें कोणी लिहीत नाहीं, म्हणून हा प्रपंच.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे पाद्री सन १८४५ मध्यें नागपुरास आले. धर्मप्रचाराइतकाच त्यांना येथील जीवाश्मांचा आणि गोंडांच्या गीतांचा नाद होता. सन १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना ते पुरांत बुडाले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आंतच लंडनमध्यें फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तेव्हां हा नियमबद्ध खेळ कांहीं खुद्द हिस्लॉपसाहेबांची देणगी नव्हे; त्यांच्या नांवाचें कॉलेज निघालें तेंच सन १८८३ मध्यें.

मैदानावर घडलेला मुलगा चारित्र्यानेंहि घडतो, हा विलायती शाळांतील समज मिशनच्या लोकांनीं पुस्तकांबरोबर इकडे आणला. सन १८९१ मध्यें श्रीनगरच्या मिशन शाळेंत टिंडेल-बिस्को यांनीं पंडितांच्या मुलांपुढें फुटबॉल ठेवला, तों तो चामड्याचा म्हणून मुलें मागें सरलीं. अखेर छड्यांच्या धाकानें खेळ सुरू झाला. शिक्षक या नात्यानें मला ती छडी रुचत नाहीं. पण मुलांची हरकतहि शास्त्राला धरून नव्हती. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत चामड्याची शुद्धि वस्त्राप्रमाणेंच सांगितली आहे. आपण मृगाजिनावर बसून जप करतों, मृदंगाच्या साथीनें कीर्तन ऐकतों. पायानें खेळणें मात्र आपल्याला खरोखरच नवें. दंडीच्या दशकुमारचरितांतील राजकन्या चेंडू खेळते ती हातानें. आणि वस्तूला चुकून पाय लागला तर नमस्कार करणारे आपण! परंतु माझ्या मतें खरी अडचण चामड्याचीहि नव्हती आणि पायाचीहि नव्हती. ती बरोबर खेळणाराची होती.

माझे आजोबा हिस्लॉपचे विद्यार्थी. ते कॉलेजांत गेले तेव्हां मोहन बागानचा विजय ताजा होता. २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्यास त्या संघानें ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २ विरुद्ध १ गोलांनीं हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. कर्णधार शिवदास भादुरी ब्राह्मण. बूट घालून खेळणारे एकटे सुधीर चतर्जी, ते ख्रिस्ती. बाकीचे दहा जण अनवाणी. हें वर्तमान इतवारींत पोंचल्यावर घरचा विरोध निम्मा मावळला, असें आजोबा सांगत. गोऱ्या पलटणीला हरवितां येत असेल, तर चामडें क्षम्य! तरी पणजींनीं नियम घातलाच: मागील दारानें यावें, विहिरीवर स्नान करावें, धोतर निराळें टाकावें, मगच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं यावें. आजोबांनीं तो नियम एक दिवसहि मोडला नाहीं.

पण स्नानानें न धुतलें जाणारें एक होतें. सामन्यानंतर प्यायला माठ एकच आणि भांडेंहि एकच. संघांत ब्राह्मण मुलें बरींच, एक मुसलमान, दोन ख्रिस्ती. त्यांतील एक मूळचा महार. पहिल्या दिवशीं ब्राह्मण मुलांनीं तहान दाबून घर गांठलें. पुढें आश्विनांतल्या रणरणत्या उन्हांत एक सामना झाला. आजोबांच्या पायांतून निसटलेला चेंडू त्या महार मुलानें ऐन गोलाच्या तोंडाशीं आडवें पडून अडविला. खेळ संपला. त्यानें माठांतून भांडें भरलें आणि प्रथम आजोबांपुढें धरलें. आजोबा प्याले. कोणी कांहीं बोललें नाहीं.

बायबलच्या तासाला आजोबांना गुण उत्तम मिळत. पण त्या तासानें आमच्या घरचें एक मडकेंहि हललें नाहीं. ते ख्रिस्ती झाले नाहींत, त्यांची संध्या कधीं चुकली नाहीं. मिशनच्या वहींत असला मनुष्य जमेस धरीत नसतील, आणि शास्त्रीमंडळींच्या वहींत तो खर्चींच पडला असता.

पणजींना हें अखेरपर्यंत कळलें नाहीं. मला त्यांनीं सांगितलें तेव्हां ते ऐंशीच्या घरांत होते. प्रायश्चित्त घ्यावेंसें वाटलें नाहीं का, असें मी विचारलें. “पाणी फार गार होतें,” एवढेंच म्हणाले, आणि पळी-पंचपात्र मागवून संध्येला बसले.