धम्मसहल आणि गाडीतली अंथरुणे

सारनाथ, बुद्धगया, राजगीर, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती ही ठिकाणे एकदा डोळ्यांनी पाहावीत अशी इच्छा आपल्या समाजात घरोघरी असते. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही वर्ध्याहून या सहलीला निघालो. रेल्वेचे आरक्षण न करता एक जुनी गाडी भाड्याने घेतली आणि शक्य तिथे गाडीतच झोपायचे ठरवले. पुष्कळांनी आम्हाला वेड्यात काढले. “लॉज काय कमी आहेत?” असे विचारले.

लॉज कमी नाहीत. परंतु काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रवासात एका लॉजच्या गल्ल्यावर आमचे आडनाव विचारले गेले, मग गाव विचारले गेले, आणि मिळालेल्या दोन खोल्या एकाएकी ‘भरलेल्या’ निघाल्या. रात्रीचे साडेदहा वाजले होते, सोबत बायकामुले होती. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी नाव घेऊन पारशांच्या विश्रामगृहात राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढले, हे आपण सर्व जाणतो. शंभरावर वर्षे उलटली. आता कोणी लाठी घेऊन येत नाही, नुसती वही मिटतात. तेव्हाच आम्ही मनाशी ठरवले होते की पुन्हा निघू तेव्हा अंथरूण आपले आणि छप्परही आपले.

आम्ही एकूण नऊजण होतो. चार बायका, एक सात वर्षांची मुलगी, तात्या, एक कॉलेजातला तरुण, आम्ही स्वतः आणि ड्रायव्हरभाऊ. गाडीत दोन्ही बाजूंना समोरासमोर लांब बाकडी होती, मधून वाट आणि दार पुढच्या डाव्या बाजूला. टेप लावून माप घेतले. बाकड्यांची लांबी अकरा फूट, एका बाकड्याची रुंदी पावणेदोन फूट, मधली वाट सव्वादोन फूट. म्हणजे आतली एकूण रुंदी पावणेसहा फूट भरली.

कारकुनाच्या हाताला चौकटीचा कागद लागला की त्याला आवरत नाही. आम्ही दोन संध्याकाळी खर्चून नकाशा काढला. बाकड्यांच्या आतल्या कडेला लाकडी पट्टी ठोकायची, तिच्यावर अठरा एमएम प्लायवूडच्या फळ्या टाकायच्या, की मधली वाट झाकली जाऊन अकरा फुटांचे सलग सपाट अंथरूण तयार होते. त्यावर सर्वांनी गाडीच्या रुंदीत आडवे झोपायचे. माणशी एक फूट दहा इंच धरले तर बरोबर सहा जागा होतात. जागेचा एक इंचही वाया जात नाही, याचा आम्हाला केवढा अभिमान वाटला! अगदी मागे आजी, मग शिक्षिका ताई, मग माय-लेकी, मग आमच्या सौभाग्यवती, त्यानंतर पडदा, आणि दाराशी राखणीला तात्या. ड्रायव्हरभाऊ पुढच्या आसनावर, आणि आम्ही दोघे गाडीला ताडपत्री बांधून तिच्याखाली. आजींचे वय बहात्तर. सर्वांत आतली, उबेची, सुरक्षित जागा आम्ही मोठ्या मानाने त्यांना दिली.

इथे कायद्याचे एक सांगणे भाग आहे, कारण अनेक मंडळी गाडीत परस्पर काहीबाही ठोकून घेतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली गाडीच्या मूळ रचनेत वाटेल तसा फेरफार करता येत नाही. म्हणून आम्ही मालकाला विचारूनच पट्ट्या बसवल्या, त्याही उचलून काढता येतील अशा बोल्टांवर. फळ्या सुट्याच होत्या. एकही आसन काढले नाही. गाडी चालू असताना फळ्या बाजूला बांधलेल्या आणि सगळे बसलेले, हा नियम तात्यांनी कडकपणे पाळायला लावला.

नागपूर सोडले की पेंचच्या जंगलातून सिवनी, पुढे जबलपूर, रीवा आणि मग वाराणसी. नागपूर ते सारनाथ साधारण साडेसातशे किलोमीटरचा हा रस्ता आहे. पहिला मुक्काम रीवाच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर केला. दिवा, पहारेकरी आणि संडास असलेला पंप पाहूनच गाडी उभी करावी. उतारावर उभी केली तर डोके चढाकडे राहील असे पाहावे, नाहीतर रात्रभर माणसे एकमेकांवर घसरतात. पहाटे काचांवरून पाणी ओघळत होते, गाद्यांची खालची बाजू ओली झाली होती. सहा माणसांच्या श्वासाची वाफ जाणार कुठे? दुसऱ्या दिवशी दोन काचा बोटभर उघड्या ठेवून त्यांना मच्छरदाणीचे कापड लावले, आणि फळ्यांना सुताराकडून भोके पाडून घेतली. थंडी आहे म्हणून गाडीत शेगडी पेटवणे किंवा इंजिन चालू ठेवून झोपणे मात्र कोणीही करू नये. त्या विषारी वायूला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

सारनाथला दोन रात्री झाल्या. धामेक स्तूप पाहिला, १९३१ साली बांधून झालेला मूलगंधकुटी विहार पाहिला. आमचा नकाशा उत्तम चालला आहे असे आम्ही प्रत्येकाला विचारून खात्री करून घेत होतो. “छान झोप लागली,” असे सर्वजण म्हणत. आजीही म्हणत.

बुद्धगयेला बोधिवृक्षाजवळ वंदना करून उठताना आजींना चक्कर आली. (महाविहाराच्या व्यवस्थापनाचा १९४९ चा कायदा हा विषय वेगळा, तो इथे काढला तर झोपेवरचा लेख झोप उडवणारा होईल.) जवळच्या डॉक्टरांनी तपासले. रक्तदाब उतरला होता, लघवीला जळजळ होती. त्यांनी विचारले, “दिवसाला पाणी किती पिता?” आजी गप्प. शेवटी शिक्षिका ताईंनी त्यांना बाजूला घेऊन बोलते केले, आणि त्यांनी जे सांगितले ते ताईंनी आम्हाला मुद्दाम त्यांच्याच शब्दांत ऐकवले:

“पाणी पेलं त राती उठा लागते. उठलं त चौघींले तुडवत जा लागते, अन् मंग दाराशी तात्या. तात्यांच्या अंगावरून कशी जाऊ बाई?”

चार दिवस आजींनी दुपारी चारनंतर पाण्याचा थेंब घेतला नव्हता. एवढेच नव्हे, तर बाकीच्या तिघीही संध्याकाळचा चहा टाळत होत्या, असे त्या दिवशी कळले. आमच्या सौभाग्यवतीसुद्धा! घरात राहून आम्हाला ते दिसले नाही. गाडीत बारा इंचही वाया जाऊ दिले नव्हते, पण उठून जायला वाट ठेवली नव्हती. स्त्रियांच्या प्रश्नावर सभांतून बोलणारे आम्ही, अंथरुणाचा नकाशा काढताना चौघींपैकी एकीलाही विचारले नव्हते.

त्या दुपारी नवा नकाशा ताईंनी काढला, तोही वहीच्या पाठकोऱ्या कागदावर, पाच मिनिटांत. त्या म्हणाल्या, “दादा, अजिंठ्याचे बारा नंबरचे लेणे आठवा. प्रत्येक खोलीत दोन-दोन दगडी शय्या आहेत. दोघांपैकी कोणी कधीही उठले तरी दुसऱ्याला ओलांडावे लागत नाही.” आम्ही ते लेणे तीनदा पाहिले आहे. त्या दगडी ओट्यांवर बसून फोटोही काढले आहेत.

मग सुताराला बोलावून फळ्या कापल्या. मागच्या साडेपाच फुटांत फळ्या तशाच ठेवल्या. तिथे तिघी आडव्या: माय, लेक आणि ताई. पुढच्या साडेपाच फुटांत मधली वाट मोकळी. दाराकडच्या बाकड्यावर आजी आणि समोरच्यावर आमच्या सौभाग्यवती, दोघी लांबीत. दोघींचीही उंची पाच फुटांच्या आतबाहेर, म्हणून ते जमले. बाकड्याची पावणेदोन फूट रुंदी कमी पडते, तेव्हा कडेला दोरीची जाळी बांधली. मागच्या तिघींनाही वाटेपर्यंत फळीवरून सरकत येता येते. तात्या आमच्यासोबत ताडपत्रीखाली आले. “राखण बाहेरूनच करायची असते,” असे म्हणून त्यांनी प्रकरण हसण्यावारी नेले, पण पहिली रात्र ते जागेच होते. पायरीशी एक बॅटरी टांगली आणि पाण्याचा तांब्या आजींच्या उशाशी ठेवला.

गैरसोय उरलीच. ताईंची उंची पाच फूट सात इंच. पावणेसहा फुटांत उशी ठेवली की पाय दुमडावे लागत. त्यांना लांबीची जागा देता आली असती तर बरे झाले असते, पण बाकडी तेवढी नव्हती. उंच माणसे अधिक असतील तर आडव्या झोपण्याची रचना मुळीच करू नये. वरती दुसरी फळी टांगावी असे तरुणाने सुचवले होते. पण रात्री वरून उतरणार कोण, आणि पौर्णिमेला अष्टशील घेणाऱ्या आजींना उंच शय्या वर्ज्य, असे म्हणून बायकांनी ते हसतहसत नामंजूर केले.

राजगीर, नालंदा, वैशाली करून कुशीनगरला पोहोचलो. तथागतांची सुमारे वीस फुटी मूर्ती तिथे उजव्या कुशीवर पहुडलेली आहे. दाट धुके होते, विहारात माणसे थोडी होती. आजी मूर्तीच्या पायांशी बराच वेळ बसल्या. त्या रात्री त्यांनी उशी मागच्या बाजूला घेतली. कारण विचारले तर म्हणाल्या, “इकडं डोकं केलं त उजव्या कुशीवर झोपून तोंड वाटेकडं रायते. भितीकडं तोंड करून कोण झोपते?” त्यामुळे पायही दाराकडे झाले आणि उठणे आणखी सोपे झाले. हा फेरफार आमच्या नकाशात नव्हता, ताईंच्याही नव्हता.

सोनौलीला नेपाळी बाजूस गाडीचा भन्सार भरून लुंबिनी केली आणि परतताना श्रावस्तीला जेतवनाजवळ शेवटचा मोठा मुक्काम केला. रात्री साडेआठला आम्ही ताडपत्री बांधत होतो. आजींनी गाडीच्या पायरीवर बसून हाक मारली, “बापू, चहा होते काय अजून?” ड्रायव्हरभाऊंनी स्टोव्ह पेटवला. आजींनी दोन कप घेतले.