मिक्सरमधली सूं

माझ्या टेबलाच्या खणात कॅननची, म्हणजे माईकच्या केबलला असते तशी, एक जुनी पिन आहे. तिला वायर नाही. आत दोन आणि तीन नंबरच्या टोकांमध्ये २०० ओहमचा एक रेझिस्टन्स सोल्डर केलेला आहे, एवढंच. कुठलाही मिक्सर दुरुस्तीला आला की झाकण उघडण्याआधी मी ही पिन माईकच्या जागी खोचतो, गेन शेवटपर्यंत नेतो, हेडफोन कानाला लावतो आणि ऐकत बसतो. मिक्सरला वाटतं माईक लागला आहे. माईक नसतोच, त्यामुळे ऐकू येतं ते सगळं मिक्सरचं स्वतःचं असतं.

हे काम मी रात्री दहानंतर करतो. देवरूखच्या बाजारपेठेतली रहदारी तोवर थांबलेली असते. जून ते सप्टेंबर मात्र पत्र्यावरच्या पावसापुढे हेडफोनही हरतात, म्हणून आवाजाची बारीक कामं मी आगोटीपूर्वी उरकतो किंवा दिवाळीनंतर हातात घेतो.

ऐकू येणारे आवाज ढोबळमानाने तीन. पहिली सूं, लांबून येणाऱ्या सरीसारखी एकसंध. दुसरा हम. तिसरी खरखर, म्हणजे पॉट फिरवला किंवा फेडर सरकवला की होणारी करकर. हममध्येही दोन जाती आहेत. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र वायरींमध्ये शिरलं किंवा अर्थिंगमध्ये घोळ असला की येणारा हम बहुतेक या ५० चा, जाड आणि पोटात जाणवणारा. सप्लायचे फिल्टर कंडेन्सर सुकले की येतो तो १०० चा, कारण डायोडच्या ब्रिजमधून बाहेर पडताना आवर्तनं दुप्पट होतात. १०० म्हणजे ५० च्या बरोबर एक सप्तक वर. पेटीवाल्याला हा फरक सांगावा लागत नाही, तो लगेच धरतो. स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी निम्मं निदान असं कानाने होतं आणि त्यावर माझा मीटरइतकाच भरवसा आहे.

गेल्या दिवाळीनंतर मारळच्या बाजूच्या एका नमन मंडळाची, म्हणजे लोकनाट्य करणाऱ्या मंडळाची, मुलं त्यांचा मिक्सर घेऊन आली. बारा चॅनेलचा, विलायती, १९८० च्या आसपासचा. मुंबईतल्या एका ऑर्केस्ट्राने तो विकायला काढला तेव्हा गावच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून घेतलेला. मार्लेश्वरच्या यात्रेआधी, म्हणजे संक्रांतीच्या आत, तो हवा होता. त्यातला एक म्हणाला, "भाऊ, गौळणीला चालतो हो. वगालापण चालतो. पण आबा गायला लागले की स्टोव्ह पेटल्यासारखा आवाज येतो."

आबा मी पाहिलेले आहेत. पंचाहत्तरी ओलांडलेले, आवाज आता बारीक झालेला, आणि उमेदीची वर्षं गॅसबत्तीच्या उजेडात, माईकविना गाण्यात गेलेली. त्यामुळे माईकपासून दोन हात लांब उभं राहायची सवय सुटत नाही. मृदंग माईकच्या तोंडाशी वाजतो, त्याला गेन लागतच नाही. आबांसाठी तो जवळजवळ शेवटपर्यंत न्यावा लागतो आणि गेन वाढवला की सूं वाढते. त्यांना पुढे सरकायला सांगणं हा माझ्या लेखी उपाय नाही. त्या वयाच्या गाणाऱ्याने मिक्सरसाठी आपली जागा का बदलावी?

सूं येते कुठून, हे आधी समजून घ्यायला हवं. कुठल्याही रेझिस्टन्समध्ये, तो कितीही चांगला असला तरी, उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन्सची चुळबूळ चालू असते आणि तिचा एक अतिशय सूक्ष्म व्होल्टेज तयार होतो. १९२८ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी त्याची मोजमापं प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. माझ्या खणातल्या पिनेतला २०० ओहमचा रेझिस्टन्स साध्या खोलीच्या तापमानाला, माणसाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, साधारण ०.२६ मायक्रोव्होल्ट सूं स्वतःच तयार करतो. याच्या खाली कुणीही जाऊ शकत नाही, मिक्सर लाखाचा असो की करोडचा. आपलं सगळं काम या आकड्याच्या जवळ जाण्याचं.

मंडळाच्या मिक्सरचा आकडा आला १.१ मायक्रोव्होल्ट. गेन हजारपट ठेवला की बाहेर १.१ मिलिव्होल्ट सूं, वर हम वेगळाच.

नेटवर वाचून आलेली मुलं लगेच म्हणतात, सगळे आयसी बदला. हा मोह मलाही एकदा झाला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मिक्सरमधले टीएल ०७२ जातीचे सगळे, म्हणजे ४८ आयसी काढून मी ५५३२ बसवले. कागदावर ५५३२ ची सूं तिपटीहून कमी. टेबलावर पाच मिनिटं ऐकलं आणि खूश झालो. पण ५५३२ दर आयसीमागे सुमारे ५ मिलिअँप जास्त खातो. ४८ चे झाले २४० मिलिअँप आणि तेवढा भार पेलायला तो सप्लाय बनलेलाच नव्हता. ऐन कार्यक्रमात, रात्री एकच्या सुमारास, रेग्युलेटर तापून बंद पडला. दुसरी गोष्ट मला नंतर कळली. या आयसीच्या इनपुटमधून थोडा डीसी करंट वाहतो. तो पॉटमधून गेला की पॉट फिरवताना करकरतो. म्हणजे सूं घालवायला गेलो आणि बारा फेडरना खरखर लावून ठेवली. सगळं उलट करावं लागलं आणि त्या मंडळाकडून मी दोन्ही वेळची मजुरी घेतली नाही. तेव्हापासून मी आयसीला हात लावतो तो सर्वात शेवटी आणि मोजक्याच जागी.

या मिक्सरचं काम सप्लायपासून सुरू केलं. फिल्टरचे दोन्ही मोठे कंडेन्सर फुगलेले होते. एकाच्या बुडाशी रस गळून तांब्याची पट्टी हिरवी पडली होती. कोकणातल्या जुन्या मिक्सरमध्ये हे हिरवं नेहमी सापडतं. गळती थोडी असते, आमच्या पावसाळ्याची हवा तिला आणखी पसरवते. पट्टी खरवडून, स्पिरिटने धुऊन, तिच्यावरून तांब्याची तार ओढली. कंडेन्सर १०५ डिग्रीचे घातले. तापमान दहा डिग्रीने उतरलं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून तापणाऱ्या पट्ट्यांपासून ते चार बोटं दूर नेले. १०० चा हम तिथेच गेला.

५० चा गेला नाही. ट्रान्सफॉर्मर पेटीतच, पहिल्या चॅनेलच्या बाजूला बसवलेला होता. त्याचे स्क्रू काढले, प्लास्टिकच्या पट्टीने त्याला धरलं आणि हेडफोन लावून हळूहळू फिरवला. वीज चालू असताना करायचं हे काम आहे, उघड्या टोकांना टेप हवी आणि सवय नसेल त्याने यात पडू नये. फिरवता फिरवता हम वाढतो, कमी होतो आणि एका कोनात एकदम बसतो, तंबोऱ्याची तार मणी सरकवताना लागते तसा. तो कोन सापडला, पण तिथे स्क्रूला जागा नव्हती. शेवटी ट्रान्सफॉर्मर वेगळ्या लोखंडी डब्यात काढला आणि दीड मीटर वायरने मिक्सरला जोडला. मंडळाला आता एक डबा जास्त वाहावा लागतो. मुलं थोडी कुरकुरली, पण हेडफोन त्यांच्या कानाला लावल्यावर गप्प झाली.

मग पिनांकडे वळलो. कॅननच्या एक नंबरच्या पिनेला केबलची शील्ड येते. जुन्या मिक्सरमध्ये ही पिन बरेचदा थेट आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली असते. मग शील्डने बाहेर अडवलेला सगळा कचरा, म्हणजे जनरेटरचा, लायटिंगच्या डिमरचा, खिशातल्या मोबाईलचा, सर्किटच्या मधोमध येऊन पडतो. नील मन्सी या तंत्रज्ञाने १९९५ मध्ये ही चूक नीट मांडून दाखवली. उपाय अगदी साधा. प्रत्येक सॉकेटपाशी बॉडीचा रंग खरवडायचा, दातेरी वॉशर टाकून स्क्रू कसायचा आणि एक नंबरची पिन बोटभर लांबीच्या जाड तारेने तिथेच बॉडीला जोडायची. बारा सॉकेटना एक दिवस गेला. सामान शंभर रुपयांच्या आतलं. पूर्वी फोन वाजण्याआधी कर्ण्यातून 'टर्र टर्र टर्र' यायचं, तेही यानेच थांबलं.

आता सूं. माईकचा सिग्नल आत आल्यावर पहिल्यांदा दोन ट्रान्झिस्टरच्या जोडीला भेटतो. त्याच्या वाटेत, दोन्ही बाजूंना, ४७० ओहमचे रेझिस्टन्स होते, रेडिओचे अडथळे रोखायला घातलेले. हेतू चांगला, पण माईकचे २०० आणि हे ९४० मिळून ११४० ओहम होतात आणि नुसत्या त्यांचीच सूं ०.६ मायक्रोव्होल्ट. ते काढून २२ ओहमचे घातले. अडथळ्यांसाठी फेराइटचे मणी आणि बॉडीला जोडलेले दोन छोटे कंडेन्सर पुरतात. ट्रान्झिस्टरची जोडी बदलली. त्यासाठी मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलो, कारण या एका जागी माल हातात घेऊन, मीटरवर पारखूनच घ्यावा लागतो. जुना शिक्का घासून नवा मारलेला माल बाजारात असतो आणि तो सूंतच उघडा पडतो. गरजेपेक्षा जास्त घेतले, त्यातून जुळणाऱ्या जोड्या निवडल्या.

पुन्हा खणातली पिन लावली. ०.४ मायक्रोव्होल्ट.

फक्त एका जागी आयसी बदलला, जिथे बाराही चॅनेल एकत्र येतात तिथला. नमनात चालू माईक चार किंवा पाच, तरी तो आयसी स्वतःची सूं तेरापट वाढवतो, कारण बारा चॅनेलचे बारा रेझिस्टन्स त्याला जोडलेलेच असतात. इथे ५५३४ शोभतो. त्याला पाच आणि आठ नंबरच्या पायांमध्ये २२ पिकोफॅरडचा कंडेन्सर दिला आणि सप्लायच्या पायांना अगदी लागून ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक. हे विसरलं तर तो ऐकू न येणाऱ्या वेगाने स्वतःशीच गुणगुणत बसतो आणि हाताला चटका देईल इतका तापतो. बेस-ट्रेबलच्या सर्किटातले ०७२ तसेच ठेवले. तिथे ते मूळ कारागिराने विचार करून घातलेले आहेत.

मंडळातल्या एकाने विचारलं, एवढ्या खर्चात नवा डिजिटल मिक्सर आला नसता का? आला असता आणि चांगलाही वाजला असता. पण या मिक्सरचा प्रत्येक चॅनेल वेगळ्या बोर्डावर आहे, प्रत्येक भाग बोटांत धरता येतो आणि देवरूखच्या टेबलावर दुरुस्त होतो. शिमग्याच्या आदल्या दिवशी एक चॅनेल गेला तर अकरा चालतात. माझ्या दृष्टीने गावच्या मंडळाला हा हिशेब मोठा आहे.

संक्रांतीच्या आधी त्यांच्या वाडीत मी स्वतः गेलो, कारण निम्मी लढाई मांडावर, म्हणजे नमन होतं त्या जागेवरच असते. आमच्याकडे जांभ्याचा सडा. पावसाळा सरला की दगड कोरडा होत जातो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यातही पाणी ओतावं लागतं. तिथे कुणीतरी हम जावा म्हणून अँप्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन तोडलेली होती. हम खरंच जातो त्याने, पण बॉडीत करंट उतरला तर ओल्या अंगाने माईक धरणाऱ्या नमनातल्या संकासुराला वाचवणारं मग काही राहत नाही. मी प्लग बदलला आणि मिक्सर, अँप्लिफायर एकाच बोर्डावर घेतले. मधल्या सिग्नलच्या लाइनीला एकास एक ट्रान्सफॉर्मर टाकला. हम गेला, तिसरी पिन जाग्यावर राहिली. वर्षभरात प्रत्येक मंडळाला मी हे एक काम सांगत फिरतो आहे, आणि वाचकांपैकी कुणाच्या गावात अशी तुटकी पिन दिसली तर उद्याच्या उद्या बदलून घ्यावी.

रात्री अकराला आबा उभे राहिले, नेहमीच्या जागी, माईकपासून दोन हातांवर. मी गेन तीनचतुर्थांश नेला. गाण्याआधी ते दीर्घ श्वास घेतात. तो श्वास मांडाच्या टोकाला, चुलीपाशी बसलेल्या बायकांना ऐकू गेला, कारण त्यांनी माना वळवल्या.

मिक्सर परत देताना झाकणाच्या आतून मी एक कागद चिकटवला आहे, वर पारदर्शक प्लास्टिक. काय बदललं, कुठे, कोणत्या तारखेला. काढलेले भाग आणि माझ्या खणातल्यासारखीच एक पिन पिशवीत घालून ती तिथेच बांधली आहे. माझ्यानंतर तो उघडणाऱ्याला मागे जायचं असेल तर वाट असावी. कागदाच्या तळाशी लिहिलं आहे: बारा नंबरचा चॅनेल मुद्दाम मूळचाच ठेवला आहे, फक्त पिन बॉडीला जोडली आहे. पिशवीतली २०० ओहमची पिन आधी त्यात लावून ऐकावी, मग एक नंबरमध्ये.